मुलांची जीभ कोणी बांधली?

दरवर्षी उन्हाळ्यात दहावीचे आणि पीयूसीचे निकाल लागतात. पेढे वाटले जातात, गल्लीच्या तोंडावर अभिनंदनाचे फलक झळकतात आणि गुणांचे आकडे वर्षागणिक चढतच जातात. परंतु त्याच सुमारास आणखी एक सूर चढत जाताना आम्ही ऐकतो. उद्यमबागेतील कारखानदार म्हणतात, डिप्लोमा झालेला मुलगा मशीन उत्तम चालवतो. पण मशीन बंद का पडले, हे लॉगबुकात चार ओळींत लिही म्हटले की पेन हातात धरून नुसता उभा राहतो. प्राध्यापक म्हणतात, प्रश्न विचारला की अख्खा वर्ग खाली बघतो. घरातले वडीलधारे म्हणतात, नातू दिवसभर फोनवर असतो. पण दारात पाहुणा आला तर 'या, बसा' म्हणण्याइतकीही भाषा त्याच्याजवळ उरलेली नाही.

'आजच्या पोरांना धड बोलता येत नाही आणि धड लिहिताही येत नाही' हे वाक्य आता इतके सर्वतोमुखी झाले आहे, की आपण काही गंभीर बोलत आहोत असे ते उच्चारणाऱ्यालाही वाटेनासे झाले आहे. परंतु तक्रार खोटी नाही. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२३ साली देशातील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींची चाचणी घेण्यात आली. त्यांतील सुमारे २५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या प्रादेशिक भाषेत सफाईने वाचता आला नाही. चौदा-अठरा वर्षांचे वय म्हणजे दूधखुळे वय नव्हे. उद्या मत देणारी, परवा संसार मांडणारी ही मुले. चारांतल्या एकाला दुसरीचे पुस्तक अडते, ही साधी बाब नाही.

हा प्रश्न शुद्धलेखनाच्या हळहळीपुरता असता, तर आम्ही त्यासाठी एवढी जागा अडवली नसती. तहसीलदार कचेरीच्या बाहेर बॉण्ड रायटरच्या टेबलाभोवती जी गर्दी असते, तिच्याकडे एकदा नीट बघावे. आजोबा अंगठा उठवणारे होते, म्हणून त्यांना अर्ज लिहून घ्यावा लागे. आज पदवीधर नातूही त्याच टेबलासमोर उभा असतो. सातबारा उताऱ्यावरील नाव चुकले, पेन्शन अडली, नळाचे पाणी येत नाही, अशा साध्या तक्रारीचा कागदसुद्धा त्याला दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागतो. हलगा-मच्छे बायपासमध्ये सुपीक जमिनी जाऊ नयेत म्हणून आपल्या शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. अशा प्रसंगी दारात येणारी नोटीस वाचायची कोणी, तिचा अर्थ लावायचा कोणी, हरकत लिहायची कोणी आणि अधिकाऱ्यासमोर उभे राहून बोलायचे कोणी? ज्याला बोलता येत नाही, त्याची जमीन जाते, नोकरी जाते, आणि त्याच्या वतीने दुसराच बोलून मोकळा होतो. येथे भाषा म्हणजे भाकरी आहे.

मग याला जबाबदार कोण? चौकाचौकांत तीन आरोपी ठरलेले आहेत: सरकार, इंग्रजी आणि मोबाईल. त्या तिघांचीही उलटतपासणी करून पाहू.

सरकारचा हिशेब

सरकारचा दोष मोठा आहे, आणि तो कमी करून सांगण्याचे काही कारण नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्या आधीच १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात हुतात्मे पडले होते. त्यानंतर १९८६ साली कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात सीमाभागाने पुन्हा गोळ्या झेलल्या. राज्यघटनेच्या ३५० अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय करावी असे सांगितले आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा त्याहून अधिक आहेत, तेथे महत्त्वाचे नियम व परिपत्रके त्यांच्या भाषेत द्यावीत, हे अखिल भारतीय पातळीवर मान्य झालेले तत्त्व आहे. हे सारे कागदावर आहे. कचेरीत गेलेल्या मराठी माणसाच्या हातात मात्र कन्नडच कागद पडतो. २०१५ च्या कायद्याने २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्याने पहिलीपासून कन्नड शिकवणे सक्तीचे झाले. पण मराठी शाळेत शिक्षक आहेत की नाहीत, हे बघण्याची तेवढी तातडी कोणालाही नाही. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसाळी रानात, जेथे शाळा गाठायलाच मुलाला चिखल तुडवावा लागतो, तेथे एका शिक्षकाने तीन-चार इयत्ता सांभाळायच्या, माध्यान्ह आहाराची नोंद ठेवायची, निवडणुकीची कामे करायची आणि उरलेल्या वेळात भाषा शिकवायची! अशा शाळेतून वक्ते निघावेत ही अपेक्षा करणे म्हणजे कोरड्या विहिरीला मोट लावणे होय.

हा गुन्हा सरकारच्या खाती मांडलाच पाहिजे. परंतु तेवढ्याने हिशेब पुरा होतो काय?

थोडे सीमाभागाबाहेर पाहू. इंदूर-ग्वाल्हेरला होळकर-शिंद्यांच्या काळापासून मराठी घरे आहेत. बडोद्याला गायकवाडांच्या राज्यात मराठीला मानाचे पान होते. तेथे कोणी मराठीविरुद्ध लाठी उगारली नाही, गोळीबार झाला नाही, पाट्यांना काळे फासले गेले नाही. तरीही तेथील मराठी घरांतील तरुण पिढीत अनेकांचे मराठी स्वयंपाकघरापुरते उरले आहे. बोलता येते, वाचताना अडते, लिहिता तर येतच नाही. गोव्यात मराठी वृत्तपत्रे आहेत, नाटकाचे वेड आहे, देवळादेवळांतून कीर्तने होतात. तेथेही मराठी प्राथमिक शाळांतील पटाची चिंता आहेच आणि पालकांचा ओढा इंग्रजीकडे आहे. फार कशाला, खुद्द महाराष्ट्रात सरकार मराठी, पाट्या मराठी, मंत्री मराठी. तरी कोल्हापूर-पुण्याचे शिक्षक हीच तक्रार करतात. जेथे सक्ती नाही तेथेही तोच रोग दिसत असेल, तर रोगाचे मूळ सक्तीच्या पलीकडे कोठे तरी आहे, हे मान्य करावे लागेल.

इंग्रजीचा बागुलबुवा

दुसरा आरोपी इंग्रजी माध्यम. गोकाक समितीचा अहवाल १९८१ साली आला, पुढे १९९४ साली कर्नाटक सरकारने चौथीपर्यंतचे शिक्षण मातृभाषेतून वा कन्नडमधून देण्याचे धोरण आणले. २००८ साली उच्च न्यायालयाने ते मोडीत काढले आणि मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे, सरकारला ते लादता येणार नाही, असा निर्वाळा दिला. २०१९ साली तर कर्नाटक सरकारनेच १००० सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग काढले. म्हणजे गेली काही वर्षे निवड पालकांच्या हाती आहे, आणि पालकांनी ती केली आहे.

त्या निवडीबद्दल पालकांना दूषणे देण्याची आमची इच्छा नाही. रिक्षा चालवणाऱ्या, भाजीचा गाळा लावणाऱ्या बापाला आपल्या पोराने साहेब व्हावे असे वाटले तर त्यात गैर काय? चूक दुसरीकडेच आहे. मूल इंग्रजी शाळेत घातले की भाषेचा प्रश्न सुटला, फी भरली की बोलणे आपोआप येते, असे समजले जाते. प्रत्यक्षात त्या मुलाला घरी इंग्रजी बोलणारे कोणी नाही. आणि शाळेत मराठी बोलले तर दंड किंवा अपमान. त्याने मनातले बोलायचे कोणापाशी? मग ते इंग्रजीत उतारे पाठ करते, आणि मराठीत 'हो', 'नाही', 'काय माहीत' एवढ्यावर भागवते. गणपत गल्लीत खरेदी करताना 'एकोणसत्तर' म्हटले की मूल आईच्या तोंडाकडे बघते, आणि आई कौतुकाने हसून 'सिक्स्टी नाइन रे' असे सांगते. त्या हसण्यात सारे आले. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? ज्याला एका भाषेत विचार पुरा करता येत नाही, त्याला दुसरी भाषा तो कोठून पुरवणार?

याच्या उलट उदाहरणही आपल्या शेजारीच आहे. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरातली भाषा मराठी. ते कन्नडचे थोर कवी झाले, त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, आणि त्यांनी मराठीतही लेखन केले. एका भाषेची मुळे घट्ट असल्यामुळे दुसरी भाषा त्यांना परकी वाटली नाही. म्हणून आम्ही स्पष्टच सांगतो, की आपल्या मुलांनी कन्नड उत्तम शिकावे. सक्तीला विरोध करणे वेगळे आणि शेजाऱ्याच्या भाषेकडे पाठ फिरवणे वेगळे. ज्या राज्यात आज राहायचे आहे, तेथील कागद वाचता न येणे हे कोणत्याही चळवळीचे भूषण नव्हे. आज आपल्या मुलांच्या वाट्याला मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषा आल्या आहेत. आणि चारही अर्ध्या! चार अर्धे नारळ जोडून दोन पुरे नारळ होत नाहीत.

मोबाईल आणि कट्टा

राहता राहिला मोबाईल. तो तर बिचारा सर्वांचाच सोयीचा चोर. मुले मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात, वाक्य पुरे करण्याऐवजी एक चित्र टाकतात, दोन ओळी लिहायच्या तर आवाज भरून पाठवतात, हे सगळे खरे. पण मोबाईल येण्यापूर्वी गुणपत्रिकेतले भाषेचे गुण आणि मुलाची प्रत्यक्ष भाषा यांत मेळ होता काय? गाईडमधला निबंध घोकून लिहिण्याची पद्धत मोबाईलने आणलेली नाही.

आणि एक गोष्ट आमच्या ध्यानात वारंवार येते. साहेबासमोर ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तोच मुलगा संध्याकाळी कट्ट्यावर बसला की क्रिकेटच्या सामन्याचे असे वर्णन करतो की ऐकणारे हसून लोळतात. गावच्या यात्रेत काय घडले, कुस्तीत कोणी कोणता डाव टाकला, बैल कसा उधळला, हे सांगताना त्याला एकही शब्द कमी पडत नाही. त्याची उपमा ताजी असते, नक्कल अचूक असते. याच मोबाईलवर बेळगावी बोलीत विनोद करून दाखवणारी पोरे आहेतच की! तेव्हा पोरांची जीभ जड झाली, हे खरे नाही. कट्ट्यावर ती सैल सुटते आणि कागदासमोर, वर्गात, कचेरीत ती बांधली जाते. कट्टा आणि कागद यांच्यामधला पूल कोणी बांधायला हवा होता, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला गेलो की बोट थेट वडीलधाऱ्यांकडे वळते.

घर, शाळा आणि संस्था

प्रथम घर. घरात मुलाशी आपण दिवसभर काय बोलतो, हे एकदा मोजून पाहावे. ऊठ. आवर. दूध पी. अभ्यासाला बस. फोन ठेव. जेव. झोप. हे सारे हुकूम झाले; यांत संवाद कोठे आहे? हुकमाला उत्तर लागत नाही, मान हलवली तरी पुरते. 'आज शाळेत काय झाले?' असे विचारून, मूल अडखळत सांगत असताना, मध्येच न तोडता पाच मिनिटे ऐकून घेणारे किती बाप आपल्या गावात आहेत? पूर्वी आजी गोष्ट सांगे आणि 'मग काय झाले असेल?' असे विचारून नातवाला बोलते करी. आता आजी मालिका बघते, बाप मोबाईल बघतो, आणि दोघेही म्हणतात की पोरगे बोलत नाही. मोठी माणसे बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, ही शिकवण चांगली. पण मोठ्यांचे बोलणे संपल्यावर मुलाची पाळी कधी येते?

दुसरी शाळा. आपल्या शाळांत शहाणा मुलगा कोण? जो गप्प बसतो तो. वर्ग शांत, तर शिक्षक चांगला. दहा वर्षे गप्प बसण्याचे बक्षीस द्यायचे आणि अकराव्या वर्षी 'हा मुलगा बोलत का नाही' म्हणून कपाळावर हात मारायचा, हा कोणता न्याय? आणि बोललाच, तर त्याच्या बोलीला हसायचे. आपल्या भागात 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात, वाक्याला कन्नडचा हेल असतो. गुरुजींनी भर वर्गात 'हे काय गावंढळ बोलणे?' म्हणून हिणवले, की तो मुलगा दुसऱ्यांदा हात वर करत नाही. पुढे पुण्याला नोकरीसाठी गेला की तेथेही त्याच्या हेलाला लोक हसतात, आणि तो उरलासुरला गप्प होतो. वास्तविक याच बेळगावी मराठीचे वैभव पु. ल. देशपांडे यांनी 'गणगोत'मधल्या रावसाहेबांच्या तोंडून साऱ्या महाराष्ट्राला दाखवले. कन्नडमिश्रित म्हणून रावसाहेबांची भाषा दुबळी झाली नाही. तिच्या जोरावरच ते वाचकांच्या मनात घर करून राहिले. बोली हा पाया आहे. तिच्यावर प्रमाण मराठीचा मजला चढवता येतो. पाया खणून काढून मजला उभारण्याचा उद्योग मात्र आपण शाळाशाळांतून चालवला आहे.

वक्तृत्व स्पर्धांचेही तसेच. भाषण शिक्षक लिहितात किंवा पालक कोठून तरी मिळवतात, मूल ते पाठ करते, ठरलेल्या शब्दाला हात वर, ठरलेल्या शब्दाला मूठ! टाळ्या पडतात, ढाल मिळते. त्याच मुलाला व्यासपीठावरून खाली उतरल्यावर 'तुला स्वतःला काय वाटते?' असे विचारावे. ढाल हातात धरून ते गप्प उभे राहते. याला वक्तृत्व म्हणत नाहीत; हे पाठांतर झाले. पाठांतर वाईट नव्हे, पण त्यालाच बोलणे समजणे ही फसवणूक आहे.

तिसऱ्या आपल्या संस्था. भाषेचे प्रेम या भूमीला कोणी शिकवायला नको. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखालील येथील साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. २००० साली य. दि. फडके येथील संमेलनाचे अध्यक्ष होते. इंदिरा संतांनी या शहरात आयुष्य वेचले. कडोली, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर, सांबरा अशा गावांतून लोक पदरमोड करून साहित्य संमेलने भरवतात. अशी श्रीमंती मोठमोठ्या शहरांनाही लाभलेली नाही.

परंतु या संमेलनांत तरुणांच्या वाट्याला काय येते? ग्रंथदिंडीत चालणे, स्वागतगीत म्हणणे, पाहुण्यांना गुच्छ देणे आणि मांडवात खुर्च्या मांडणे. पुण्या-मुंबईहून, कोल्हापूरहून आलेले पाहुणे बोलतात, गाव ऐकते. ऐकणे चांगलेच, पण नुसते ऐकून कोणी बोलायला शिकल्याचे आमच्या पाहण्यात नाही. गणेशोत्सव मंडळांचेही असेच झाले. एके काळी मंडळ ही तरुणांची भाषेची शाळाच होती. वर्गणीचे निवेदन लिहावे लागे, जमाखर्च वाचून दाखवावा लागे, व्याख्यात्याचा परिचय करून द्यावा लागे, शेवटी आभार मानावे लागत. चुकतमाकत का होईना, वीस वर्षांचा पोरगा शंभर माणसांसमोर उभा राही. आता डॉल्बी बोलते आणि मंडळ नाचते. फ्लेक्सवर पन्नास चेहरे असतात आणि खाली एकाच ओळीत तीन चुका. डॉल्बीच्या भिंतीसमोर उभे राहून तरुण बोलत नाहीत म्हणणे, हा विनोदच म्हणायचा.

आणि नेतेमंडळी? त्यांनी तरुणांना घोषणा दिल्या. घोषणेला मोल आहे, तिने चळवळ जिवंत ठेवली. पण घोषणा चार शब्दांची असते, आणि ती दुसऱ्याने बनवलेली असते. ज्या मराठीसाठी तरुणाने लाठी खावी, त्या मराठीत त्याला चार पाने वाचता येतात की नाही, याची चौकशी कोणी केली? वृत्तपत्रेही यातून सुटत नाहीत. तरुणांचे फोटो छापायला त्यांच्याकडे जागा असते. तरुणाने लिहिलेले पत्र मात्र अशुद्ध म्हणून टोपलीत जाते. ते दुरुस्त करून, काय दुरुस्त केले हे त्याला कळवून छापले, तर पुढचे पत्र बरे येईल, एवढा धीर कोणी धरत नाही. भाषा हक्क म्हणून आपण मागितली, अभिमान म्हणून मिरवली. पण रोजच्या वापराचे अवजार म्हणून ती पोरांच्या हातात देऊन, कशी धरायची हे शिकवण्याचे काम मात्र प्रत्येकाने दुसऱ्यावर ढकलले. न वापरलेले अवजार गंजते, त्यात अवजाराचा दोष नसतो, आणि ज्याच्या हाती ते कधी दिलेच नाही त्या पोराचा तर नसतोच.

करण्यासारखे

कोणी म्हणेल, सरकार कोट्यवधी खर्चूनही करत नाही ते आपण काय करणार? आम्हांस वाटते, यातले बरेचसे काम बिनखर्चाचे आहे. रात्रीच्या जेवणाला अर्धा तास घरातले सर्व फोन एका जागी ठेवावेत, थोरांचेही. आणि त्या वेळात मुलाने बोलावे, मोठ्यांनी ऐकावे. शाळेने आठवड्यातून एक तास गाईड बंद ठेवावे आणि मुलांना पाहिलेले, केलेले, स्वतःचे काही सांगायला लावावे: शेतात भात कसा रोवतात, आई भाकरी कशी थापते, गॅरेजमध्ये पंक्चर कसे काढतात. आधी बोलीत सांगू द्यावे, मग तेच प्रमाण मराठीत लिहून घ्यावे. नववी-दहावीच्या प्रत्येक मुलाने वर्षातून एकदा तरी ग्रामपंचायतीला गावच्या खऱ्या अडचणीबद्दल खरा अर्ज लिहावा, एक मराठीत आणि एक कन्नडमध्ये, आणि तो स्वतः नेऊन द्यावा. उत्तर आले तर उत्तम. न आले तर स्मरणपत्र कसे लिहितात तेही तो शिकेल.

गावोगावच्या संमेलनांनी एक सत्र तरुणांसाठी राखावे, ज्यात पाहुण्याने भाषण करायचे नाही, पोरांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. मंडळांनी अकरा दिवसांतली एक संध्याकाळ डॉल्बीविना काढावी आणि जमाखर्च मंडळातल्या सर्वांत लहान सभासदाने वाचून दाखवावा. वाचनालयांनी आपल्या समितीवर दोन जागा पंचविशीच्या आतल्यांना द्याव्यात. संघटनांनी कार्यकर्त्याच्या हाती झेंडा देताना अर्जाचा कागदही द्यावा; १५ टक्क्यांचा नियम काय आहे, ३५० अ कलम काय सांगते, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. ज्याला आपला हक्क दोन भाषांत मांडता येतो, त्याला कचेरीतून हाकलून देणे अवघड जाते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद सर्वांना झाला, आम्हांसही झाला. पण अभिजात हा शब्द मागच्या दोन हजार वर्षांकडे बघतो. पुढच्या वीस वर्षांत खानापूर तालुक्यातला मुलगा मराठीत काय बोलेल, काय लिहील, हे त्या दर्जाने ठरणार नाही.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्याचा निकाल आपल्या बाजूने लागावा अशी आपणा सर्वांची इच्छा आहे, आणि त्यासाठी लढत राहणे आपले कर्तव्यच आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण त्या दिवशी ते निकालपत्र हातात घेऊन, वाचून, त्यातले सार आपल्या आजीला तिच्या भाषेत समजावून सांगणारा नातू घरात असेल की नाही, हे कोणतेही न्यायालय ठरवणार नाही. ते आज रात्री जेवताना आपण त्याचे बोलणे ऐकतो की त्याला 'गप्प जेव' म्हणतो, यावर ठरणार आहे.